कोडही ठेवावा आणि हातही मोकळे ठेवावेत

क्लाउडवरचा वर्कस्पेस, म्हणजे कंपनीच्या डेटाचे काम चालते ती भाड्याची जागा, आजवर केवळ माऊसच्या बळावर चालवणाऱ्या ज्या अनुभवी मंडळींना अलीकडे ‘हे सगळे आता कोडमध्ये आणा’ असे फर्मान सुटले आहे, त्यांनी घाबरून जाण्याचे काही कारण नाही. क्लस्टर, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा गट, किती मोठा असावा, जॉब, म्हणजे नेमून दिलेले काम, किती वाजता चालावा, कोणाला काय पाहता यावे, हे पोर्टलवर जाऊन ठरवण्याऐवजी एका फाईलमध्ये लिहायचे, ती फाईल गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास जपणाऱ्या साधनात, ठेवायची, आणि लिहिलेले व प्रत्यक्षात असलेले यांतला फरक टेराफॉर्मसारख्या साधनाने काढून तो मिटवायचा, एवढीच ही मागणी आहे. ती आपल्या मुळावर आल्यासारखी वाटते, कारण फाईलमधले कोणालाही वाचता येते आणि आपल्या डोक्यातले फक्त आपल्याला. परंतु ही मागणी जाहीरपणे, टाळ्यांच्या गजरात मान्य करूनही कारभार जसाच्या तसा चालू ठेवता येतो, आणि त्याची रीत वाटते तितकी अवघड नाही.

आधी आपल्या सध्याच्या व्यवस्थेचे मोल ओळखावे. डेटाब्रिक्स या क्लाउडवरच्या डेटा-सेवेच्या एखाद्या वर्कस्पेसमध्ये ‘टेस्ट_नवीन_फायनल_२’ या नावाचा एक क्लस्टर असतोच. काही मिनिटे रिकामा राहिला तर तो आपोआप बंद व्हावा अशी सोय बनवताना दिलेली असते. ती खूण कोणीतरी काढून टाकलेली असते, कारण सकाळी क्लस्टर सुरू व्हायला पाच-सात मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ धड चहालाही पुरत नाही. परिणामी तो धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत, सगळे कार्यालय गावी गेलेले असताना, एकनिष्ठपणे चालू राहतो. बिल आल्यावरही तो बंद करण्याची हिंमत कोणाला होत नाही, कारण वित्त विभागाचा महिनाअखेरचा अहवाल त्याच्यावरच चालतो अशी एक समजूत असते. ही समजूत खरी की खोटी हे ज्याला ठाऊक आहे असे सर्वजण मानतात, ती व्यक्ती म्हणजे आपण. पगारवाढीच्या चर्चेत याहून भक्कम आधार दुसरा नाही.

घाई करणाऱ्या तरुणांना इतिहास ऐकवावा. मार्क बर्जेस यांनी ओस्लोत १९९३ साली सीएफइंजिन हे यंत्रांची मांडणी सांभाळणारे साधन लिहिले, तेव्हापासून ही कल्पना हिंडते आहे की यंत्राला पायरीपायरीने हुकूम देण्याऐवजी शेवटी ते कसे असायला हवे एवढेच लिहून द्यावे. ॲमेझॉनचे क्लाउडफॉर्मेशन २०११ मध्ये आले, टेराफॉर्म २०१४ मध्ये. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ जिच्याविना आपले चालले, तिच्याविना आणखी एक तिमाही सहज निघेल. ती तिमाही भरून काढण्याचे साहित्यही तयार आहे: टेराफॉर्म बनवणाऱ्या हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलला, त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू ही शाखा फुटली, आणि २०२५ मध्ये आयबीएमने हॅशिकॉर्पच विकत घेतली. टेराफॉर्म आणि ओपनटोफू या दोहोंपैकी काय निवडावे यासाठी समिती नेमावी. दोन्हींची भाषा बव्हंशी एकच असल्यामुळे निर्णय कोणताही झाला तरी आपल्या फाईली बहुतेक तशाच चालतील, ही गोष्ट समितीची मुदत संपेपर्यंत तोंडातून काढू नये.

मग कोड लिहायला घ्यावा. सगळे काही एकाच फाईलमध्ये लिहावे. ती जितकी लांब, तितके तिच्याकडे फिरकणारे कमी. कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या प्रत्येक बदलाचा, संदेश ‘बदल’ एवढाच असावा, आणि त्यानंतरच्याचा ‘बदल २’. ॲक्सेस टोकन, म्हणजे प्रवेशाची गुप्त किल्ली, थेट कोडमध्ये चिकटवावे. कोणी आक्षेप घेतलाच, तर ते काढून टाकल्याचा एक स्वतंत्र कमिट करावा, म्हणजे गिटच्या इतिहासात ते मूळ जागी सुरक्षित राहते. स्टेट फाईल, म्हणजे टेराफॉर्मने आजवर काय काय बनवले याची त्याची स्वतःची वही, आपल्याच लॅपटॉपवर ठेवावी. तिच्यात पासवर्डही साध्या अक्षरांत उतरलेले असतात, त्यामुळे ती दुसऱ्याच्या हाती न देण्याला सुरक्षिततेचे सोज्वळ कारणही मिळते. एखाद्या आगाऊ माणसाने ती सामायिक जागी हलवून तिला कुलूप लावण्याची सोय केलीच, आणि आपण अप्लाय करायला, म्हणजे बदल अमलात आणायला, जाताना ‘दुसऱ्याने कुलूप लावले आहे’ असा संदेश आला, तर ते दुसरे जेवायला गेले असतील असे समजावे आणि फोर्स-अनलॉक द्यावे. जेवणाची वेळ नसली तरी.

ही स्टेट फाईल नेमकी काय चीज आहे, हे मात्र नीट समजून घ्यावे, कारण आपला सगळा डाव तिच्यावर उभा आहे. तिला सातबारा समजावे. काय काय आपल्या नावावर आहे ते तिच्यात नोंदलेले असते, आणि वहिवाट कोणाची आहे ते बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. प्लॅनची, म्हणजे काय बदलावे लागेल ते आधी दाखवण्याची, आज्ञा दिली की टेराफॉर्म बांधावर जाऊन पाहून येतो खरा, परंतु फक्त आपल्या उताऱ्यावरच्या गटांपुरता. शेजारच्या गटात कोणी रातोरात चार खोल्या बांधल्या, तरी त्या त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतात. हाताने बनवलेली वस्तू उताऱ्यावर चढवायची तर इम्पोर्टचा फेरफार करावा लागतो, आणि १.५ या आवृत्तीपासून तो कोडमध्येच लिहिण्याची सोय झाली आहे. फेरफार रेंगाळत ठेवण्याचा अनुभव आपल्याकडे पिढीजात असल्यामुळे त्यासाठी वेगळ्या सूचनेची गरज नसावी.

तात्पर्य, जे आपल्याला मनाजोगते करायचे आहे ते उताऱ्याबाहेर करावे. रात्री साडेअकराला जॉब पडला, तर पोर्टलवर जाऊन क्लस्टरचे वर्कर, म्हणजे त्यातली राबणारी यंत्रे, चारावरून बारा करावेत आणि झोपावे. हा क्लस्टर जर दुर्दैवाने कोडमध्ये नोंदलेला असेल, तर दुसऱ्या दिवशीच्या प्लॅनमध्ये बारावरून पुन्हा चारावर आणण्याचा प्रस्ताव दिसेल. याला ड्रिफ्ट म्हणतात. यावर फाईलमध्ये चाराचे बारा करणे हा एक उपाय आहे, परंतु त्यासाठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मंजुरीसाठी मांडण्याचा अर्ज, काढावी लागते आणि बारा कशाला हवेत ते लिहावे लागते. त्यापेक्षा त्या संसाधनाच्या व्याख्येत इग्नोर-चेंजेस लिहून पुढे ‘ऑल’ द्यावे. मग त्या वस्तूत बाहेर काहीही बदलले तरी टेराफॉर्म चकार शब्द काढत नाही, आणि फाईल शोभेला शिल्लक राहते. हाच प्रयोग हळूहळू सर्व संसाधनांवर केला, की प्लॅन चालवताच ‘काहीही बदल नाही, आपली व्यवस्था कोडशी जुळते’ अशा अर्थाचे हिरवे वाक्य येते. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. पुढे लागणार आहे.

परवानग्यांच्या बाबतीत थोडी अधिक सावधगिरी हवी. डेटाब्रिक्सच्या टेराफॉर्म प्रोव्हायडरमधले, म्हणजे या दोहोंना जोडणाऱ्या पूरक भागातले, परवानग्यांचे संसाधन फार कडक शिस्तीचे आहे: एखाद्या वस्तूवर ते लावले की त्यात लिहिलेली यादी तीच खरी, आणि बाहेरून कोणी हाताने दिलेली परवानगी पुढच्या अप्लायला साफ पुसली जाते. मोठ्या साहेबांनी लिफ्टमध्ये सांगितले म्हणून आपण त्यांच्या भाच्याला शुक्रवारी एका जॉबचे सर्वाधिकार दिलेले असतात, आणि सोमवारी सकाळी ते अधिकार गेलेले असतात. साहेब विचारतात, ‘अहो, काल-परवा तर दिले होते ना?’ अशा वेळी ‘कोडमध्ये नाव नव्हते’ हे सत्य सांगण्याचा मोह आवरावा, कारण त्यापुढचा प्रश्न ‘मग घालत का नाही?’ हा असतो, आणि घालायचे तर भाच्याचे नाव, तारीख व मंजुरी देणाऱ्याचे नाव गिटमध्ये कायमचे राहते. त्यापेक्षा ‘सिस्टीममध्ये काहीतरी प्रॉब्लेम झाला आहे, बघतो’ म्हणावे आणि ते संसाधनच कोडमधून गाळावे.

आता रिव्ह्यूकडे येऊ. चार डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणताही बदल जाऊ नये असा नियम असतो, आणि तो पाळायला अत्यंत सोपा आहे, कारण डोळे उघडे असावेत असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. मी तुझे अप्रूव्ह करतो, तू माझे कर, हा सहकाराचा मार्ग या भूमीला नवा नाही. प्लॅनचे आउटपुट लांबलचक असते. ते पुल रिक्वेस्टला जोडावे, परंतु वाचण्याचा आग्रह धरू नये. वाचल्याने काय होते ते पाहा. समजा, मुख्य कार्यालयाने नामकरणाचे नवे धोरण आणले आणि त्यानुसार वर्कस्पेसच्या नावात एक आडवी रेघ व ‘प्रॉड’ हा शब्द घालायचा ठरला. कोडमध्ये एका ओळीचा बदल. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला प्लॅन चालवला. शेकडो ओळींच्या मध्ये कुठेतरी नावापुढे ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ असे लाल अक्षरांत आले, आणि सर्वांत शेवटी ‘१ टू ॲड, ० टू चेंज, १ टू डिस्ट्रॉय’. ज्याने हे वाचले, त्याला समजते की ॲझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या डेटाब्रिक्स वर्कस्पेसचे नाव जागच्या जागी बदलता येत नाही; जुना आधी पाडला जाईल, त्याच्याबरोबर त्यातली नोटबुके, जॉब आणि त्यांचा इतिहास जाईल, आणि मग नव्या, धोरणशुद्ध नावाचा एक रिकामा वर्कस्पेस उभा राहील. एवढे समजल्यावर त्याचा शनिवार-रविवार वाया जातो. ज्याने वाचले नाही, त्याने ऑटो-ॲप्रूव्हचा, म्हणजे न विचारता पुढे जाण्याचा, झेंडा लावून एंटर मारले आणि तो ट्रॅफिक वाढण्याआधी हिंजवडीतून बाहेर पडला. (सेंट्रल इंडिया या नावाने ॲझ्युअरच्या यादीत दिसणारा विभाग पुण्यातच आहे, तेव्हा पाडकामही पुण्यातल्या पुण्यातच होते, एवढे समाधान मानावे.) कोणी आधीच शहाणपणाने प्रिव्हेंट-डिस्ट्रॉय, म्हणजे पाडायला मनाई, असे लिहून ठेवले असेल तर अप्लाय अडून बसतो. अशा वेळी ती ओळ ‘तात्पुरती’ काढावी. तात्पुरती काढलेली ओळ परत घालायची असते असा नियम कुठेही लिहिलेला नाही.

या टप्प्यावर एखादा वाचनवेडा सहकारी मे २०२४ मधला युनिसुपरचा दाखला देईल. ऑस्ट्रेलियातल्या या निवृत्तिवेतन निधीचे सहा लाखांहून अधिक सभासद आपल्या खात्याकडे बघूही शकत नव्हते, कारण निधीची गूगल क्लाउडवरची खासगी यंत्रणा उभारताना गूगलच्याच कर्मचाऱ्यांनी एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा ठेवला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ साधनाने एक वर्षाची मुदत असा घेतला, आणि वर्ष भरताच सगळे आपोआप काढून टाकले. ग्राहकाने काढायला सांगितलेले नसल्यामुळे ग्राहकाला पूर्वसूचना जाण्याचाही प्रश्न आला नाही. सहकाऱ्याचा मुद्दा असा असेल की न लिहिलेल्या गोष्टीचाही यंत्र काहीतरी अर्थ लावतेच, म्हणून महत्त्वाचे ते लिहून ठेवावे. आपण यातून उलटा बोध घ्यावा: इतक्या मोठ्या कंपनीत रकाने रिकामे राहतात, तर आपण कोण लागून गेलो? युनिसुपरने दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप ठेवले होते आणि ते फार उपयोगी पडले, हा तपशील त्याच्या ओठांवर येण्याआधी बैठकीची वेळ संपल्याचे जाहीर करावे.

ऑडिटच्या दिवशी आता कसलीच अडचण नाही. ऑडिटर विचारतील, बदलांवर नियंत्रण आहे का? रेपो, म्हणजे कोडचे गिटमधले दप्तर, दाखवावे. मंजुरी घेतली जाते का? प्रत्येक पुल रिक्वेस्टवर दोन नावे आहेत. प्रत्यक्ष व्यवस्था कोडशी जुळते का? इथे तो हिरवा स्क्रीनशॉट काढावा. ते समाधानाने खूण करतील. त्यांनी चुकून बिल मागितले, तरच पंचाईत, कारण उताऱ्यावर नसलेला प्रत्येक क्लस्टर बिलावर मात्र न चुकता असतो; परंतु बिल वित्त विभागाकडे जाते आणि रेपो आपल्याकडे असतो, आणि या दोन विभागांना एका खोलीत बसवण्याइतका वेळ कोणत्याही ऑडिटला मिळत नाही.

येथवर सांगितलेले सर्व उपाय कमीअधिक फसले तरी चालतील. एक गोष्ट मात्र काही झाले तरी होऊ देऊ नये. आज ना उद्या तो नवा मुलगा किंवा ती नवी मुलगी हळू आवाजात सुचवेल की पोर्टलवर हाताने बदल करण्याचे अधिकार सर्वांचेच काढून घेऊ, आपल्याला फक्त पाहता यावे, आणि बदल करण्याचा हक्क पाइपलाइनच्या, म्हणजे मंजूर कोड आपोआप अमलात आणणाऱ्या यंत्रणेच्या, एकट्या सर्व्हिस प्रिन्सिपलला (तिच्या यांत्रिक खात्याला) असावा. ही सूचना दिसते साधी, पण तिने बाकीचा सगळा खेळ संपतो: जे फाईलमध्ये नाही ते बनतच नाही, रात्री साडेअकराचे बारा वर्कर मागण्यासाठीही पुल रिक्वेस्ट काढावी लागते, आणि कोणी का मागितले ते पुढच्या माणसाला वाचता येते. तेव्हा या सूचनेचे मनापासून स्वागत करावे, ती तत्त्वतः मान्य करावी, आणि त्याच बैठकीच्या इतिवृत्तात एक अपवाद नोंदवून घ्यावा: आणीबाणीसाठी पूर्ण अधिकारांचे एक खाते असावे. आणीबाणीची व्याख्या करू नये. त्या खात्याचा पासवर्ड टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन करून ठेवावा, कारण आणीबाणी वेळ सांगून येत नाही. आणि ते खाते पोर्टलवरून, हाताने बनवावे, म्हणजे ते कोणत्याही प्लॅनमध्ये कधीच दिसणार नाही.