ग्रेनेडा १९८३ : ‘विद्यार्थ्यांना सोडवायला गेलेली फौज’ या कहाणीतलं खरं-खोटं

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक मजकूर फिरत असतो. त्याचा सारांश असा : ‘१९८३ साली कॅरिबियन समुद्रातलं ग्रेनेडा नावाचं चिमुकलं बेट क्युबा आणि रशियाने गिळलं होतं. तिथे लढाऊ विमानांसाठी तळ उभा राहत होता. अमेरिकेचे शेकडो वैद्यकीय विद्यार्थी ओलीस होते. शेजारी देशांनी हाक मारली म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी फौज धाडली, फारसं रक्त न सांडता विद्यार्थी सोडवले आणि बेटाला लोकशाही दिली. तिथले लोक आजही आभार मानतात.’

यातलं शेवटचं वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे, त्याकडे मी येईनच. बाकीची विधानं तपासली की एकेक गळून पडतं. अमेरिकेची स्तुती केली म्हणून माझी तक्रार नाही. क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईहूनही लहान, आणि तेव्हा लाखाच्या आसपास वस्ती असलेला हा देश. त्याच्याच इतिहासातून त्याच्या माणसांना बाहेर काढलं जातं, हे मला खुपतं.

सुरुवात विमानतळापासून करतो, कारण सगळी कहाणी त्याच्यावर उभी आहे. २३ मार्च १९८३ रोजी रेगन यांनी दूरचित्रवाणीवरच्या भाषणात ग्रेनेडातल्या बांधकामाचा हवाई फोटो दाखवला. क्युबाचे लोक दहा हजार फुटांची धावपट्टी बांधताहेत, ग्रेनेडाकडे तर हवाई दलच नाही, मग ती कुणासाठी, असा त्यांचा सवाल होता. उत्तर ग्रेनेडात कुणीही दिलं असतं : पर्यटकांसाठी. बेटाचा जुना विमानतळ पर्ल्सला, ईशान्य किनाऱ्यावर. धावपट्टी आखूड, मोठं विमान उतरत नसे आणि अंधार पडला की सगळंच बंद. लंडन-न्यूयॉर्कहून येणाऱ्याने आधी बार्बाडोस किंवा त्रिनिदाद गाठायचं, तिथून छोट्या विमानाने पर्ल्स, मग डोंगर ओलांडणाऱ्या वळणावळणाच्या रस्त्याने बेटाच्या दुसऱ्या अंगाला राजधानी सेंट जॉर्जेस. बार्बाडोसला पोचायला संध्याकाळ झाली, तर रात्र तिथल्याच हॉटेलात काढायची आणि पैसेही तिथेच खर्च करायचे. जायफळ, कोको आणि केळी यांच्या बाजारभावावर तगणाऱ्या देशाला पर्यटन वाढवायचं तर मोठा विमानतळ लागणार, ही चर्चा ब्रिटिश अमदानीपासून चालू होती. मॉरिस बिशप यांचं क्रांतिकारी सरकार तर सत्तेवर आलं १९७९ साली.

पॉइंट सलीन्सला बांधल्या जाणाऱ्या या नव्या विमानतळाची धावपट्टी होती सुमारे नऊ हजार फुटांची. बार्बाडोसची अकरा हजारांची होती आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. क्युबाने मजूर आणि यंत्रं दिली हे खरं, पण समुद्राकडच्या गाळाचं काम फ्लोरिडाच्या कंपनीकडे होतं आणि दळणवळण-यंत्रणेचं कंत्राट प्लेसी या ब्रिटिश कंपनीकडे, तेही ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचर यांच्या सरकारच्या निर्यात-हमीसह. लष्करी तळाला लागणाऱ्या गोष्टी, म्हणजे बॉम्बहल्ला सोसणारे विमान-निवारे, भूमिगत इंधनसाठे वगैरे, या आराखड्यात नाहीत, हे प्लेसीने जाहीरपणे सांगितलं होतं. ज्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी ‘वाचवले’ गेले, त्याचा ट्रू ब्लू परिसर या धावपट्टीच्या टोकाला लागून होता. विद्यार्थी तिच्यावर धावायला जायचे. गुप्त तळावर परदेशी विद्यार्थ्यांना कुणी मोकळं फिरू देत नाही.

दुसऱ्या बाजूचा एक पुरावाही सांगायला हवा. हल्ल्यानंतर अमेरिकेच्या हाती लागलेल्या कागदपत्रांत सत्ताधारी पक्षातल्या एका पुढाऱ्याची वही होती आणि तिच्यात हा विमानतळ क्युबा आणि सोव्हिएत लष्कर वापरील अशी ओळ आहे. म्हणजे पक्षातल्या काहींच्या मनात तसं होतं. पण एका वहीतल्या ओळीने विमानतळाची जात बदलत नाही. हल्ल्यानंतर उरलेलं काम अमेरिकेनेच पैसा ओतून पूर्ण केलं, ऑक्टोबर १९८४ मध्ये तोच विमानतळ प्रवाशांसाठी खुला झाला आणि २००९ पासून त्याला मॉरिस बिशप यांचं नाव आहे.

‘बेट क्युबाच्या सैनिकांनी भरलं होतं’ हा दावा तर अमेरिकेलाच पुढे आवरता घ्यावा लागला. सुरुवातीला आकडा हजाराच्या पुढे सांगितला गेला. बेटावर एकूण ७८४ क्युबन होते, पैकी सहाशेहून अधिक बांधकाम कामगार. त्यांना लष्करी शिक्षण मिळालेलं होतं आणि ते लढलेही, पण ती आक्रमक फौज नव्हती. सोव्हिएत संघाशी केलेले गुप्त शस्त्रकरार मात्र खरे होते आणि गोदामांत बेटाच्या गरजेहून जास्त शस्त्रं सापडली, हेही मान्य करायला हवं.

आता विद्यार्थी. ‘ओलीस’ म्हणायला कुणीतरी धरून ठेवावं लागतं, मागणी करावी लागते. तसं काही घडलं नव्हतं. १९ ऑक्टोबरला बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या झालेल्या हत्याकांडानंतर सत्ता घेतलेल्या लष्करी परिषदेने चोवीस तासांची संचारबंदी लावली, बाहेर दिसेल त्याला गोळी घालू असं रेडिओवरून बजावलं. वातावरण भीतीचं होतं, विद्यार्थ्यांनाही धास्ती वाटत होती, यात शंका नाही. पण परिषदेचे प्रमुख जनरल हडसन ऑस्टिन यांनी महाविद्यालयाच्या उपकुलगुरूंना भेटून सुरक्षिततेची हमी दिली होती, अमेरिकेचे राजनैतिक अधिकारी बेटावर येऊन बोलणी करत होते, आणि हल्ल्याच्या आदल्या दिवशी पर्ल्सवरून काही विमानं परदेशी प्रवाशांना घेऊन उडालीही. न्यूयॉर्कमध्ये जमलेल्या सुमारे ५०० पालकांनी रेगन यांना तार केली : घाईने काही करू नका.

आणि सुटका झाली कशी, तेही बघा. २५ ऑक्टोबरच्या सकाळी सैनिक ट्रू ब्लूला पोचले, तेव्हा त्यांना विद्यार्थ्यांकडूनच कळलं की त्याहून जास्त मुलं काही किलोमीटरवरच्या ग्रँड आन्सला आहेत. त्या दोनशेहून अधिक मुलांना हेलिकॉप्टरने काढायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. आणखी काही तिसऱ्याच ठिकाणी राहत होते, तिथे पोचायला त्याहूनही वेळ लागला. ज्यांच्यासाठी ही मोहीम असल्याचं सांगितलं गेलं, ते राहतात कुठे हेच मोहीम आखणाऱ्यांना धड ठाऊक नव्हतं. ऑस्टिनला ओलीसच ठेवायचे असते, तर तो सबंध दिवस त्याच्या हाताशी होता. एकाही विद्यार्थ्याला इजा झाली नाही.

इथे उलट्या बाजूने फिरणारा एक दावाही खोडून टाकतो. लेबनॉनमधल्या बैरूतमध्ये २३ ऑक्टोबरला २४१ अमेरिकी सैनिक मारले गेले, त्यावरून लक्ष उडवायला ग्रेनेडावर हल्ला केला, असं म्हणतात. तारखा जुळत नाहीत. जहाजं त्याआधीच ग्रेनेडाकडे वळवली होती आणि रेगन यांचा मूळ होकार २२ तारखेचा आहे. बैरूतमुळे मागे फिरणं अवघड झालं असेल, पण हल्ल्याचं कारण ते नव्हतं.

‘क्युबा-रशियाने गिळलेलं बेट’ हे वाक्य मला सर्वांत जास्त सलतं. ग्रेनेडा ७ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान एरिक गेरी. १९५१ च्या शेतमजूर संपाचे पुढारी म्हणून वर आलेला हा माणूस पुढे गुंडांची टोळी पोसू लागला. लोक तिला ‘मुंगूस गँग’ म्हणत. स्वातंत्र्याच्या दोनच आठवडे आधी, निदर्शनांच्या वेळी, गेरींच्या माणसांच्या गोळीबारात रुपर्ट बिशप ठार झाले. लंडनहून वकिली शिकून आलेले मॉरिस बिशप त्यांचेच चिरंजीव. १९७६ ची निवडणूक विरोधकांच्या मते लुटलेली होती. अखेर १३ मार्च १९७९ रोजी, गेरी परदेशात असताना, बिशप यांच्या न्यू ज्यूएल मूव्हमेंट या पक्षाने पहाटे लष्करी छावणी आणि रेडिओ केंद्र ताब्यात घेतलं आणि लोक आनंदाने रस्त्यावर आले. मॉस्कोतून कुणी हुकूम सोडलेला नव्हता.

नंतरच्या साडेचार वर्षांत साक्षरता वर्ग निघाले, बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला. त्याच सरकारने राज्यघटना गुंडाळली, ‘टॉर्चलाइट’ वर्तमानपत्र बंद पाडलं, विरोधकांना खटल्याविना तुरुंगात ठेवलं आणि कबूल केलेली निवडणूक कधीच घेतली नाही. बिशप यांना संत ठरवणाऱ्यांनी हेही वाचावं.

बिशप यांना मारलं कुणी? त्यांच्याच सहकाऱ्यांनी. उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्ड यांच्या गटाने संयुक्त नेतृत्वाची मागणी रेटली, ती फिसकटल्यावर बिशप यांना घरात डांबलं. १९ ऑक्टोबरला दुकानं बंद ठेवून हजारो लोक त्या घरावर चालून गेले. त्यांत गणवेशातली शाळकरी मुलंही होती. ‘बिशप नाही तर क्रांती नाही’ अशी त्यांची घोषणा. निःशस्त्र गर्दीने पंतप्रधानांना सोडवलं आणि किल्ल्यावर नेलं. त्या किल्ल्याला तेव्हा रुपर्ट बिशप यांचंच नाव होतं. चिलखती गाड्या आल्या, गर्दीवर गोळीबार झाला, लोक तटावरून उड्या टाकत पळाले. बिशप, शिक्षणमंत्री जॅकलिन क्रेफ्ट, परराष्ट्रमंत्री युनिसन व्हाइटमन आणि इतर पाच जणांना गोळ्या घालण्यात आल्या. क्युबाने या हत्येचा निषेध केला आणि तीन दिवसांचा दुखवटा पाळला. ही सबंध शोकांतिका ग्रेनेडाच्या लोकांमध्ये घडली, आणि जुलमापुढे सर्वांत आधी उभे राहिलेलेही तेच होते.

‘शेजाऱ्यांची हाक’ हा मुद्दा थोडक्यात. पूर्व कॅरिबियन संघटनेने विनंती केली, डॉमिनिकाच्या पंतप्रधान युजिनिया चार्ल्स रेगन यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, हे खरं. पण त्रिनिदाद आणि गयाना विरोधात होते. राणीचे प्रतिनिधी असलेले गव्हर्नर-जनरल पॉल स्कून यांच्या मदत मागणाऱ्या पत्रावर २४ तारीख आहे, सही मात्र फौजा उतरल्यानंतरची. ब्रिटनची राणी एलिझाबेथ हीच ग्रेनेडाचीही राणी होती, तरीही थॅचर यांना आयत्या वेळी कळवलं गेलं आणि त्यांनी नापसंती कळवली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ नोव्हेंबरला १०८ विरुद्ध ९ मतांनी हा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरवला. त्याच महिन्यात राष्ट्रकुल परिषद दिल्लीत आणि तिचं अनौपचारिक सत्र गोव्यात भरलं, तेव्हाही हा विषय गाजला. कॅरिबियन देशच आपसांत फाटलेले असल्याने शेवटी भर दोषारोपांऐवजी पुनर्बांधणीवर ठेवला गेला.

‘रक्त न सांडता’ म्हणणाऱ्यांसाठी आकडे : अमेरिकेचे १९ सैनिक, क्युबाचे सुमारे २५ आणि ग्रेनेडाचे ४५ जण मेले. ४५ पैकी २४ नागरिक होते. सेंट जॉर्जेसच्या मनोरुग्णालयावर चुकून बॉम्ब पडला, त्यात किमान १८ रुग्ण दगावले. पहिले काही दिवस पत्रकारांना बेटावर जाऊ दिलं नव्हतं, म्हणून ही बातमी उशिरा बाहेर आली.

राहिला प्रश्न आभारांचा. होय, बहुसंख्य ग्रेनेडावासीयांनी सैनिकांचं स्वागत केलं, आणि २५ ऑक्टोबर तिथे आभारदिन म्हणून सुट्टीचा दिवस आहे. पण आदल्या आठवड्यात आपला नेता मारला गेलेला, घराबाहेर पडलं तर गोळी, अशा अवस्थेतल्या माणसाला त्या परिषदेचं राज्य संपल्याचं समाधान वाटलं, तर त्यातून विमानतळ लष्करी होता किंवा विद्यार्थी ओलीस होते हे सिद्ध होत नाही. डिसेंबर १९८४ मध्ये निवडणूक झाली आणि हर्बर्ट ब्लेझ यांच्या पक्षाने १५ पैकी १४ जागा जिंकल्या. कोर्ड आणि इतरांना झालेल्या फाशीच्या शिक्षा १९९१ मध्ये जन्मठेपेत बदलल्या, आणि त्यांच्यातले शेवटचे २००९ मध्ये सुटले. २०२३ पासून १९ ऑक्टोबर हा राष्ट्रीय वीर दिन म्हणून पाळला जातो. बिशप आणि त्यांच्या सोबत्यांचे मृतदेह आजवर मिळालेले नाहीत. ते गेले कुठे, हा कुटुंबीयांचा प्रश्न ज्यांनी त्यांना मारलं त्यांनाही आहे, आणि हल्ल्यानंतर बेटावरच्या कबरी उकरून अवशेष तपासणाऱ्या अमेरिकी लष्करालाही.