पंचेचाळीस वजा आठ

आठव्या ओळीतल्या सातव्या घरात निळ्या शाईचा ९ बसलाय. तो मी लिहिलेला नाही. चुकीचा असता तर एवढं लागलं नसतं.

कोडं आर्तो इंकाला या फिनलंडच्या गणितज्ञाचं, २०१२ साली ‘जगातलं सर्वांत अवघड सुडोकू’ म्हणून गाजलेलं. दिलेले आकडे २१, रिकामी घरं ६०. वरच्या डाव्या कोपऱ्यात एकटा ८ आणि त्याच्या पुढे आठच्या आठ घरं मोकळी. असलं कोडं पेन्सिलीनेच सोडवायचं, पेन जवळ ठेवायचंच नाही. माझं पेन बाकावर डाव्या हाताला पडलं होतं. पाळी येईपर्यंत तासभर तरी जाणार होता, म्हणून कागद मांडीवर घेतला होता.

सुडोकूत प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या रांगेत आणि तीन बाय तीनच्या खोक्यात एक ते नऊ एकेकदाच बसवायचे. साध्या सुडोकूत आपण शिकारी असतो. एखाद्या घरात एकच आकडा बसतो किंवा एखाद्या आकड्याला खोक्यात एकच घर उरतं, तेवढं हेरलं की झालं. इथे पहिल्या नजरेला यातलं काहीच सापडत नाही. सगळ्या ओळी, सगळे खोके, नऊही आकडे फिरून या, एकही घर भरत नाही. मग प्रत्येक रिकाम्या घरात शक्य ते सगळे आकडे बारीक लिहून काढायचे. यांना उमेदवार म्हणतात. निवडणुकीसारखेच असतात ते, उभे पुष्कळ राहतात. या कोड्यात ते अडीचशेहून थोडे जास्त भरतात. कंटाळून एकजरी गाळलात, तर पुढचं सगळं तर्कशास्त्र त्या एका भोकातून गळून जातं, आणि ते कळतं चाळीस मिनिटांनी.

इतक्या गर्दीत फक्त एका घरात दोनच उमेदवार राहतात. आठवी ओळ, सातवं घर. ओळीत ८, ५, १ आहेत, उभ्या रांगेत २, ७, ४ आहेत, खोक्यात वरून ६. राहिले ३ आणि ९. मी त्या घराला पेन्सिलीने हलकं गोल केलं. तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला.

‘बेरीज लावली का?’

गृहस्थ साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि मान माझ्या कागदाच्या अंमळ जास्तच आत आलेली.

‘कसली बेरीज, काका?’

‘प्रत्येक ओळीची बेरीज पंचेचाळीस येते ना?’

येते. एक ते नऊची बेरीज पंचेचाळीसच होते, त्याला माझा इलाज नाही.

‘मग सोपं आहे. पहिल्या ओळीत आठ दिलाय. पंचेचाळीस वजा आठ, सदतीस. आठ घरांत सदतीस बसवायचे. म्हणजे एका घराला साडेचारच्या थोडं वर. म्हणजे या ओळीत चार आणि पाच जास्त असणार.’

‘चार एकदाच येतो हो.’

‘एकदाच येऊ दे. पण जास्त असणार.’

याला काय उत्तर द्यायचं? खरं तर हा पंचेचाळीसचा नियम खोटा नाही, पत्ता चुकलेला आहे. किलर सुडोकू नावाचा भाऊबंद आहे, त्यात आकडे देतच नाहीत, तुटक रेषांचे पिंजरे आखून प्रत्येकाची बेरीज देतात. एखाद्या खोक्यातले पिंजरे फक्त एका घराने बाहेर डोकावत असतील, तर त्या पिंजऱ्यांच्या बेरजेतून पंचेचाळीस वजा करायचे, बाहेरच्या घरातला आकडा हातात. तिथे काका राजे ठरले असते. साध्या सुडोकूत मात्र आकडे म्हणजे नुसती नऊ वेगळी चिन्हं. त्यांच्या जागी नऊ पक्षी काढले तरी कोडं तेच राहतं, आणि पक्ष्यांची बेरीज होत नाही. हे मी सांगितलं. काकांनी पक्षी ऐकून घेतले.

‘आकडे फार कमी दिलेत,’ ते म्हणाले, ‘म्हणून अवघड आहे.’

हाही गैरसमज. २०१२ सालीच डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने संगणकावर सगळं चाळून दाखवलं की एकच उत्तर असलेलं १६ आकड्यांचं सुडोकू असूच शकत नाही, किमान १७ लागतात. आणि १७ आकड्यांची कितीतरी कोडी नुसतं ‘एकच घर उरलंय’ करत सुटतात. अवघडपणा आकडे किती यात नसतो, एका आकड्यातून दुसरा निघायला किती लांबून यावं लागतं यात असतो.

‘जपानी लोकांचं डोकंच वेगळं.’

‘कोडं अमेरिकेतलं आहे. हॉवर्ड गार्न्स, १९७९. निवृत्त वास्तुविशारद. जपानने नाव दिलं आणि गाजवलं.’

‘निवृत्त होता ना? मग बरोबर. वेळ असणार त्याला.’ आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी कुठून निवृत्त झालो याचा अंदाज घेत असावेत.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण ज्याला एक्स-विंग येते तो गप्प बसत नाही, हा त्या तंत्राचा खरा दोष आहे. मी समजावलं: एखादा आकडा, समजा ७, दोन आडव्या ओळींत नेमक्या दोन-दोन घरांतच बसू शकतो आणि ती घरं त्याच दोन उभ्या रांगांत येतात. मग एका ओळीत डावीकडे असेल तर दुसरीत उजवीकडे. कसंही फिरवा, त्या दोन्ही रांगांचे ७ तिथेच संपले, म्हणून रांगांतल्या बाकीच्या घरांतले ७ पुसायचे. चूक होते ती ‘नेमक्या दोन’मध्ये. ओळीच्या टोकाला तिसरा बारीक ७ लपलेला असतो, आणि आपण आनंदाच्या भरात खोडरबर चालवून मोकळे होतो.

काकांनी लक्ष देऊन ऐकलं. ‘छान. इथे कुठे आहे?’

‘इथे नाही.’

‘मग सांगता कशाला?’

मग मी एक्सवाय-विंगवर गेलो. मधल्या घरात दोन उमेदवार, समजा १ आणि २. त्याच्या टप्प्यातलं, म्हणजे त्याच्याच ओळीत, रांगेत किंवा खोक्यात त्याला ‘दिसणारं’, एक घर १-५ चं, दुसरं २-५ चं. मधे १ आला तर पहिलं घर ५, २ आला तर दुसरं ५. म्हणून ही दोन्ही घरं ज्या घराला दिसतात तिथला ५ उडाला. नवशिका दोन्ही टोकं एकमेकांना दिसायला हवीत असं धरून बसतो आणि अर्ध्या जागा हुकवतो. ती मधल्या घराला दिसली की पुरे.

‘ही आहे का?’

‘दोन उमेदवारांची तीन घरं लागतात. इथे एकच आहे.’

‘म्हणजे हीही नाही.’ काकांनी बोटावर अंगठा ठेवला. ते मोजत होते.

आठ हा आकडा मधल्या डाव्या खोक्यात दुसऱ्या उभ्या रांगेतच बसतो, एवढी एक रेघ मिळते खरी. तिच्या जोरावर त्या रांगेत खाली-वर बाकीचे ८ पुसायचे असतात. पण तिथे ८ आधीच नाहीत, वरच्या आणि खालच्या खोक्यात ८ दिलेलाच आहे. नियम लागू झाला आणि एक ठिपकाही हलला नाही. हे मी काकांना सांगितलं नाही. तेवढी अक्कल उरली होती.

शेवटी साखळ्या. या दर्जाच्या कोड्याला दुसरा मार्ग नाही, आणि नुसती साखळी नव्हे, साखळीच्या पोटात साखळी. त्या गोल केलेल्या घरात ३ धरायचा, एका रंगाच्या पेन्सिलीने त्याचे परिणाम लिहीत जायचं. मग ९ धरायचा, दुसऱ्या रंगाने. दोन्ही वाटांनी जे सारखं निघेल ते पक्कं. एक वाट मोडली तर दुसरी खरी. प्रत्येक पायरीला क्रमांक घालायचा, नाहीतर परत येताना वाट सापडत नाही. आणि मोडली असं वाटलं तर आधी आपले बारीक आकडे तपासायचे, कारण बऱ्याचदा गृहीतक मोडलेलं नसतं, तिसऱ्या ओळीत आपणच एक ४ खाल्लेला असतो.

‘म्हणजे अंदाज,’ काका म्हणाले.

‘अंदाज नाही. दोन्ही बाजू चालून बघायच्या असतात.’

‘एक चालली आणि बरोबर निघाली तर?’

‘तर…’ मी म्हणालो आणि थांबलो. तर कोडं सुटतं. एवढंच की उत्तर एकच आहे हे आपण सिद्ध केलेलं नसतं, कोडं करणाऱ्यावर विश्वास टाकलेला असतो. यावर शुद्धतावादी लोक वर्षानुवर्षं भांडतायत, आणि मी त्यांच्यातलाच आहे, पण खरं सांगायचं तर सात पायऱ्यांची आत-बाहेर वळलेली साखळी आणि कोट घातलेला अंदाज यांत फरक दाखवताना माझीही जीभ अडखळते. संगणक तर सरळ आकडा घालतो, मोडला की मागे येतो, पुन्हा घालतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत कोडं संपलेलं असतं. त्याला कुणी शुद्धतेचं विचारत नाही.

‘मग धरा की ९,’ काका म्हणाले. माझं पेन त्यांच्या हातात कधी गेलं ते कळलं नाही. ठसठशीत, घर भरून, निळा ९. माझा गोल त्याखाली गाडला गेला.

‘काका, शाईने?’

‘पन्नास टक्के आहे. बघा निघतो का.’

निघाला. पण ९ घातल्यावर काय उघडतं ते बघावं म्हणून त्या ओळीतले, रांगेतले, खोक्यातले सगळे ९ पुसले, तर पुढे एकही घर भरत नाही. एकही नाही! शेजारच्या सातव्या ओळीतलं घर ३-५ वर येऊन थांबतं आणि आपल्याकडे बघत बसतं. म्हणजे बरोबर आकडा मिळूनही मी होतो तिथेच, वर ३ ची वाट रंगीत पेन्सिलीने चालून बघायची सोयही गेली, कारण त्या घरात आता शाई आहे. बरोबर उत्तर आयतं मिळण्याचा एवढा तोटा दुसऱ्या कुठल्या खेळात होत नसेल. शिवाय कोडं फुकट गेल्याचं कुणाला सांगायला जावं, तर समोरचा म्हणतो, बरोबर होतं ना, मग?

काकांचा नंबर पुकारला गेला. उठताना त्यांनी पुन्हा एकदा वाकून कागदावरून नजर फिरवली, ओठ हलले.

‘एकूण चारशे पाच. दिलेले एकशे नऊ. माझे नऊ.’ चष्मा कपाळावरून नाकावर आला. ‘आता फक्त दोनशे सत्त्याऐंशी राहिलेत तुमचे.’

ते आत गेल्यावर मी बेरीज करून पाहिली. दोनशे सत्त्याऐंशीच येतात. पेनही तेच घेऊन गेले.