पिंपात बुडवलेला तांब्या

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर जोरात जुंपली. सोलापूरच्या मामेभावाची चौदा महिन्यांची पोरगी जुलाबाने दोन दिवस अ‍ॅडमिट होती, सलाईन लावावं लागलं, आता घरी आहे, खेळतेय. तर मामा म्हणे लोकांना स्वच्छतेची सवयच नाही, भाऊ म्हणे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं त्याचं काय, आणि मग कुणीतरी टाकलंच, ताई तुमच्या इंग्लंडात बरंय, लोकच स्वच्छ.

लोक स्वच्छ?? अहो इथे कागदावर भागवतात, आमच्या मराठी मंडळात दर दिवाळीला फराळ खाता खाता जेट स्प्रे कुठून मागवला याची चर्चा होते! फरक एवढाच की नळ सोडला की पाणी येतं, कधीही, आणि डायपर गुंडाळून कचऱ्यात. मुलाची शी काढून हात धुताना पाणी किती उरलंय हे माझ्या डोक्यातसुद्धा येत नाही. वहिनीच्या येतं.

मे महिन्यात तिच्याकडे राहिले तेव्हा बघितलं ना. पोरीला मोरीत धुतलं, हातावरून जरासं पाणी फिरवलं, साबण आत बाथरूममध्ये, तेवढ्यात मोठा पाणी मागत आला म्हणून तांब्या पिंपात, बोटांसकट. दोन दिवसांनी मीपण तेच करत होते. वर मामी म्हणतात तान्ह्या पोराच्या शीला काय होतंय. होतं की, जंतू तिच्यातही असतात आणि ते पिंपात गेले की पाच दिवस अख्खं घर तेच पाणी पितं.

आपले वाद मात्र संडासावरच अडकतात. २ ऑक्टोबर २०१९ ला देश हागणदारीमुक्त जाहीर झाला, ते खरं की खोटं यावर अजून भांडणं. ओडिशात पुरी जिल्ह्यातल्या १०० गावांत संडास बांधून मुलांचे जुलाब कमी होतात का हे तपासलं होतं, निकाल २०१४ ला आला. संडास वाढले, जुलाब नाही कमी झाले. बांधलेले सगळे वापरात नव्हते हे एक, पण मला वाटतं हात आणि पिंप हा हिशोब संडासाच्या भिंतीबाहेरच राहतो. आणि तो सांभाळायचा कुणी, तर घरातल्या बाईने, मोजून वापरायच्या पाण्यात. मामांना हे बोलायला काय जातंय.

इथेही जुलाब होतात बरं का. माझ्या मुलाच्या नर्सरीतून फोन आला, दोनदा पातळ झाली, घेऊन जा. मी म्हटलं दात येतायत हो, (आईचंच वाक्य, तसंच्या तसं). पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, शेवटच्या जुलाबानंतर ४८ तास आणायचं नाही. रजा गेली, फी तर भरलेलीच, फार चिडले होते. पण मला रजा होती म्हणून तो नियम पाळता आला. रोजावर जाणारी आई दोन दिवस घरी बसली तर त्या दिवसांचं कोण देणार?

एका गोष्टीवर मात्र मामांवर खरंच भडकले. मेडिकलवाल्याने "ओआरएससारखंच आहे" म्हणून दिलेला गोड टेट्रापॅक ते दिवसभर पाजत होते. जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात! हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यावर आठ वर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेने, अशा पेयांवर ओआरएस लिहायला बंदी केली. खरी ओआरएसची, म्हणजे जलसंजीवनीची पुडी आशाताईंकडे फुकट मिळते, मोठी पुडी असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यात, ग्लासभर पाण्यात नाही, सोबत १४ दिवस झिंक, आणि दूध-जेवण चालू ठेवायचं. पोरगी मलूल पडली, डोळे खोल गेले, काही पिईना, की थेट दवाखाना.

परवा वहिनीने फोटो पाठवला, पिंपाला तोटी बसवलीय, शेजारी खिळ्याला जाळीच्या पिशवीत साबण. मामी अजून झाकण काढून तांब्याच बुडवतात, तोटीतून पाणी फार हळू येतं म्हणे.