'इंजिन उघडलंय तर हेही करून घ्या': ट्रॅव्हलरवाल्यांत फिरणाऱ्या यादीला उत्तर

ट्रॅव्हलर आणि तशाच डिझेल व्हॅन चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक यादी सतत फिरत असते. कुणाच्या गाडीचं इंजिन काम निघालं की कोणीतरी ती पाठवतोच. सार असं: इंजिन उघडलंच आहे तर इंजिनाच्या पाण्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून टाका, एक्झॉस्ट परत इंजिनात फिरवणारा ईजीआर पत्रा मारून बंद करा, डिझेल फवारणारे मोठे नोझल आणि हवा दाबून भरणारा मोठा टर्बो बसवा, क्रँकपासून (पिस्टन फिरवतात तो दांडा) लायनरपर्यंत (पिस्टन ज्यात सरकतो ते नळकांडं) सगळं नवं टाका. गाडी घाटात पळेल, ॲव्हरेज वाढेल आणि पुन्हा कित्येक वर्षं बॉनेट उघडावं लागणार नाही.

यातलं 'उघडलंच आहे तर' एवढंच बरोबर आहे. मजुरी एकदाच द्यायची असेल तर आतलं काम आत्ताच करून घ्यावं, हे खरं. पण काय करून घ्यावं, याचं उत्तर यादीत जवळपास उलटं दिलेलं आहे.

थर्मोस्टॅटपासून सुरुवात करतो, कारण हा सल्ला लोक सर्वांत सहज मानतात. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या आसपास उघडायला लागतो. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. तो काढला की सपाट रस्त्यावर, थंडीच्या पहाटे इंजिन गार चालतं. गार इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, न जळलेलं रिंगांवरून ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं आणि लायनर-रिंगा झिजतात. ज्या झिजेसाठी इंजिन उघडलं, तीच पुन्हा सुरू झाली.

बरं, घाटात तरी उपयोग होतो का? बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो तेव्हाच बायपासची, म्हणजे पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात नेणारी वाट बंद करतो. तो नसला की बायपास कायम उघडा राहतो आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटर न गाठताच परत इंजिनात शिरतो. एसी लावून माणसांनी भरलेली गाडी खंबाटकी चढताना अशाने उलट जास्त तापते. तापण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे असतं: बोअरवेलचं पाणी ओतून क्षाराने चोंदलेला रेडिएटर, प्रेशर न धरणारी कॅप, झिजलेला वॉटर पंप, ढिला पडलेला फॅन. ते कारण शोधा आणि थर्मोस्टॅट नवा टाका. सगळ्या कामाच्या बिलात तो अगदी किरकोळ किमतीचा पार्ट आहे.

ईजीआर बंद केल्याने ताकद वाढते, हा दुसरा दावा. ईजीआर थोडा एक्झॉस्ट परत आत घेतो, त्यामुळे जळण्याचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. पण पूर्ण ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, म्हणजे ताकद खरोखर लागते, तेव्हा ईजीआर व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच असतो. मग चढावर ताकद वाढणार कुठून? पत्रा मारल्यावर फरक जाणवतो तो व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकलेला असतो तेव्हा. त्यावर इलाज साफसफाईचा. हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरलेलंच असतं, तर इनटेक मॅनिफोल्ड आणि ईजीआर स्वच्छ करून घ्या. ईजीआर कूलर असेल तर त्याची प्रेशर टेस्ट तर कराच. कूलर आतून फुटला की पाणी एक्झॉस्टमधून जातं, पाणी कमी होत राहतं आणि दोष विनाकारण हेड गॅस्केटवर जातो.

नव्या गाड्यांत पत्रा मारल्यावर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) चूक पकडतो आणि ताकदच कमी करून ठेवतो. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या गाडीत असे मनाचे बदल चालत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रवासी आणि शाळेची मुलं नेणाऱ्याने हा धोका कशासाठी पत्करायचा?

मोठ्या नोझलचा सल्ला जुन्या काळातून आलाय. बजाज टेम्पोच्या काळातल्या ट्रॅव्हलरला मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं ओएम ६१६ इंजिन होतं. प्री-चेंबरचं (डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत पेटायचं), मेकॅनिकल पंपाचं. मिस्त्री पंप थोडा वाढवायचे, गाडी धूर टाकत पण ओढायची. कॉमन रेलमध्ये, म्हणजे ईसीयूच्या हुकमाने जास्त दाबाचं डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत, हे चालत नाही. तिथे इंजेक्टरची भोकं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही बारीक असतात, आणि बऱ्याच इंजिनांत प्रत्येक इंजेक्टरचा कोड ईसीयूत भरावा लागतो. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवलं की काळा धूर येतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि लांब चढावर पिस्टनचा माथा जळतो. आहेत ते इंजेक्टर बेंचवर तपासून घेणं, हाच खरा खर्च.

टर्बोबद्दल थोडक्यात. त्याचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑईलच्या पातळ थरावर तरंगतो. त्यामुळे गेलेला टर्बो पुष्कळदा ऑईलअभावी गेलेला असतो. फीड पाइप कार्बनने अर्धा भरलेला तसाच ठेवून नवा टर्बो, मोठा असो वा लहान, बसवला की तोही जातो. टर्बो ऑईल टाकतोय असं वाटलं तर आधी ऑईलचा रिटर्न पाइप आणि ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) बघा. इंटरकूलरमध्ये (टर्बोची हवा गार करणारी जाळी) साचलेलं ऑईल काढल्याशिवाय गाडी सुरू करू नका. ते इंजिनात ओढलं गेलं तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही.

आता 'सगळं नवं टाका'. हे ऐकायला सुरक्षित वाटतं, म्हणून मला याची सर्वांत जास्त काळजी वाटते. मूळ क्रँक मापात असेल तर तो स्वस्तातल्या नव्या क्रँकपेक्षा बहुतेक वेळा चांगला असतो. बोअर गेज (लायनरचा आतला व्यास मोजणारं साधन) वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात, दोन्ही दिशांना लावून लायनर गोल आहे का, निमुळता झालाय का, हे कळतं. क्रँकचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मायक्रोमीटरने मोजता येतात. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातला की वाक कळतो. ही मापं कागदावर लिहून मागा. 'हाताला झिजलेलं लागतंय' यावर बोअर, म्हणजे लायनर कापून मोठा, करू देऊ नका. माप कंपनीच्या मर्यादेत असेल तर होनिंग (लायनरची आतून हलकी घासाई), नव्या रिंगा आणि नव्या बेअरिंगवर काम भागतं.

मग उघडल्यावर बदलायचं काय? जे पुन्हा गाठायला गिअरबॉक्स किंवा इंजिन उतरवावं लागेल, आणि जे गेलं तर इंजिन घेऊन जाईल ते. मागचं क्रँक ऑईल सील, क्लच प्लेट झिजलेली असेल तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगसह, टायमिंगची चेन किंवा बेल्ट टेन्शनरसकट, वॉटर पंप, सगळे होज. ताणून बसवायचे हेड बोल्ट असतील तर ते दुसऱ्यांदा वापरू नयेत. ऑईल पंप उघडून मोजावा.

अपग्रेड म्हणून पैसे घालायचेच असतील तर ते थंडाव्यावर आणि इशाऱ्यांवर घाला: नवा कोअर भरलेला रेडिएटर, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा चांगला वॉटर सेपरेटर, पाणी कमी झाल्यावर वाजणारा अलार्म, ऑईल प्रेशरचा खरा काटा. पाइप फुटून पाणी निघून गेलं की तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलतो. अशा वेळी तो अलार्मच हेड वाचवतो. बजेट कमी पडलं तर आधी क्लच पुढे ढकला, तो नंतर नुसता गिअरबॉक्स उतरवूनही करता येतो. हेडची टेस्टिंग आणि रेडिएटरचं काम मात्र त्याच फेरीत उरकून घ्या.