मोठा पित्तखडा, दुर्बीण आणि फल्लीतेलाचा तो मेसेज

दिवाळीच्या आधीपासून आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात लिहिलंय: पित्तनळीतला खडा १५ मिलिमीटरच्या वर गेला की दुर्बिणीने निघतच नाही, पोट फाडावंच लागतं. स्टेंट (पित्त वाहतं ठेवायला आत घालतात ती बारीक नळी) टाकतात तो पैसे काढायला. त्यापेक्षा पाच दिवस सफरचंदाचा रस घ्या, सहाव्या रात्री वाटीभर फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) आणि लिंबाचा रस प्या, सकाळी खडे पडतील. मी यवतमाळ जिल्ह्यात दवाखाना चालवतो. हा मेसेज वाचून लोक माझ्याकडे उशिरा येताहेत, म्हणून लिहितोय.

आधी तेलाचं बोलतो, कारण जीव तिथे जातो. एक काकू प्लास्टिकच्या डब्यात वीसेक हिरवे, मऊ गोळे घेऊन आल्या. "पाहा न जी, सारे पडले." डोळे मात्र हळदीसारखे पिवळे, हातापायांवर खाजवल्याचे ओरखडे. मी एक गोळा स्टीलच्या वाटीत गरम पाण्यात टाकला. बघता बघता तो पाघळला, वर तेलाचा तवंग आला. पित्ताचा खडा असा पाघळत नाही. प्यालेल्या तेलाचाच पोटात साबण होतो, तो हा. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशाच 'खड्यां'ची तपासणी छापून आली होती. त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतं, पित्तरंग नव्हता, कॅल्शियमही नव्हतं, आणि ४० अंशांवर ते वितळले. काकूंचा खरा खडा सोनोग्राफीत जागच्या जागी दिसला, १८ मिलिमीटरचा.

आता आकाराचं. १५ मिलिमीटरच्या वरचा खडा अवघड धरतात, एवढं त्या मेसेजमधलं खरं. दुर्बिणीने खडा काढण्याच्या पद्धतीला ईआरसीपी म्हणतात. त्यात दुर्बीण तोंडावाटे लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, पित्तनळीचं तोंड थोडं कापतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून घेतात. नळीचं तोंड असं कापण्याची पद्धत १९७४ पासूनची आहे. बहुतेकांचे खडे एवढ्यानेच निघतात. अवघड खडे उरतात ते १०० पैकी १०-१५ जणांचे, आणि त्यांच्यासाठीही दुर्बिणीतच पुढचे उपाय आहेत. नळीचं तोंड १२ ते २० मिलिमीटरच्या मोठ्या फुग्याने रुंद करतात. खडा मजबूत जाळीत धरून आतच चिरडतात. तेही जमलं नाही तर बोटापेक्षा बारीक दुर्बीण थेट नळीत घालून, खडा डोळ्यांनी पाहत, लेझरने किंवा विजेच्या ठिणगीने फोडतात. ही शेवटची सोय तालुक्याला नाही, नागपूरसारख्या शहरात चौकशी करावी लागते. इतकं करूनही काहींना ऑपरेशन लागतं, पण तेही बऱ्याचदा लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटाला छोटी छिद्रं पाडून होतं.

ईआरसीपीत धोका आहे, तोही सांगतो. १०० पैकी साधारण ३ ते १० जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. क्वचित रक्तस्राव होतो, क्वचित आतड्याला छिद्र पडतं. सही करण्याआधी हे डॉक्टरांना जरूर विचारा.

स्टेंटबद्दल तर मेसेज उलटंच सांगतो. खडा एका बैठकीत निघाला नाही, पेशंट म्हातारा असला किंवा तापाने फणफणला असला, की प्लास्टिकची बारीक नळी घालून तुंबलेलं पित्त आधी वाहतं करतात. तुंबलेल्या पित्तात पू झाला की जंतू रक्तात पसरायला वेळ लागत नाही. स्टेंटवर घासून खडा पुढे लहानही होतो. पण प्लास्टिकचा स्टेंट काही महिन्यांत बुजतो, तो वेळेत काढावा किंवा बदलावाच लागतो. आमच्याकडे खरी चूक इथे होते: कावीळ उतरली, भूक लागली, कापसाची वेचणी सुरू झाली, की लोक तारीख विसरतात. मग सहा-आठ महिन्यांनी हुडहुडी भरून ताप येतो. कावीळ आणि असा ताप एकत्र दिसला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. खर्चाचं तिथल्या जनआरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

काकूंनाही पहिल्या वेळी स्टेंटच टाकावा लागला. परतीची तारीख मी कार्डावर लाल पेनाने लिहिली. मुलगा म्हणाला, "तेव्हा कापसाची शेवटची वेचणी असते जी." त्याचा मोबाइल मागून घेतला आणि त्या तारखेचा अलार्म मीच लावून दिला.