भट्टी लावायचीय? आधी मोजपट्टी घ्या

गोव्यात पेडण्यात नाहीतर डिचोलीत घरामागे लाकडाची भट्टी लावून पाव-पोयांचा (पोय म्हणजे आमचा कोंड्याचा पाव) धंदा करायचा विचार असेल तर उत्तमच, पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, कमी होत चाललेत आणि गोंयकाराला सकाळी पाव नसला की चहा घशाखाली उतरत नाही. पण एवढ्यात पीठ मळायला घेऊ नका. आधी आपला रंग कुठला ते ठरवा.

प्रदूषणाच्या हिशोबात प्रत्येक धंद्याला रंग आहे, सगळ्यात घाण करणारा रेड, मग ऑरेंज, ग्रीन, आणि सगळ्यात स्वच्छ व्हाइट (2025पासून एक ब्लूही आहे). व्हाइटवाल्याला कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी, लागत नाही, नुसतं कळवलं की झालं. तुम्ही म्हणाल मैदा पांढरा, अंगावर उडालेलं पीठ पांढरं, म्हणजे आपण व्हाइट. इतकं सोपं नसतं ओ! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2016च्या यादीत दिवसाला एक टनाच्या आतली बेकरी ग्रीन होती, पण पुढे कंसात गॅस किंवा इलेक्ट्रिक ओव्हन. टनाच्या वर गेली की ऑरेंज. आता तुमची भट्टी लाकडाची आणि माल दोन टोपल्या, म्हणजे त्या यादीत ग्रीन नाही कारण लाकूड आणि ऑरेंज नाही कारण टन नाही, आणि धूर तर रोज निघतोच. यावर उपाय दोनच. एक तर गॅस लावा (पोयीला ती चव राहत नाही, पण चवीची व्याख्या कुणी केलीय कुठे), नाहीतर रोज टनभर पाव भाजा, जास्त धूर काढला की निदान यादीत नाव तरी सापडतं. मी ऑफिसात विचारायला गेलो तेव्हा एका टेबलावर ग्रीन सांगितलं, दुसऱ्या टेबलावर ऑरेंज, आणि तिसरं टेबल जेवायला गेलेलं.

जागा खाडीजवळ असली तर मजा वाढते. सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामांना आवर घालणाऱ्या नियमांच्या, 2011च्या अधिसूचनेत खाडीकाठी 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं कमी असेल तेवढी पट्टी नियमाखाली येते. 2019च्या नव्या अधिसूचनेत 100चे 50 झाले. पण गोव्याचा 2011च्या नियमांप्रमाणे केलेला किनाऱ्याचा आराखडा मंजूर झाला 2022ला, म्हणजे नातवाची मुंज आटपल्यावर आजोबांचं लग्न लागलं. तुम्ही मोजपट्टी दोन्ही आकड्यांना लावून ठेवा, कोण कुठला विचारेल सांगता येत नाही.

आणि खाडी कुठपर्यंत खाडी? तर वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्यात हजाराला पाच भाग मीठ सापडेल तिथपर्यंत. मे महिन्यात आजीला घेऊन जा आणि पाणी चाखायला लावा, पेजेत मीठ किती ते तिला बोटाच्या टोकावर कळतं. तिचा दाखला कुठे चालत नाही म्हणा, पण मनाला बरं वाटतं. रिसॉर्टवाल्यांकडे असल्या व्याख्या वाचायला पगारी माणूस असतो. तुमच्याकडे तुम्हीच, आणि तुम्ही तर पहाटे तीनला पीठ मळताय.

एवढ्यातून पाव तयार झालाच तर पिशवीचं बघा. प्लास्टिकची कॅरीबॅग 120 मायक्रॉनपेक्षा पातळ चालत नाही, 31 डिसेंबर 2022पासून. पण माल आधीच भरून सील केलेला असेल तर ती कॅरीबॅगच नव्हे, ते पॅकेजिंग, त्याचे नियम वेगळे. म्हणजे तीच चार पोयां गिऱ्हाईक समोर असताना पिशवीत टाकली तर तुम्ही गुन्हेगार आणि आदल्या रात्री टाकून तोंड चिकटवलं तर उद्योजक. शिळी झाली तर झाली! मायक्रॉन मोजायचं यंत्र घ्या एक, वजनकाट्याच्या शेजारी ठेवा, दुकानाला शोभा येते.

तपासणीला साहेब येतील. बहुतेक सकाळीच येतील, वास लांब जातो. गरम पोय मागतील, द्या, पैसे घेऊ नका. फक्त पिशवीत घालून देऊ नका.