मामी, एमएस शुगर-फ्रीच्या गोळीने होत नाही

फॅमिली ग्रुपवरचे मेसेज मी वाचत नाही. हाही वाचला नव्हता. पण रविवारी धाकट्या बहिणीकडे गेले, तर फ्रिजवरची तिच्या एमएसच्या कॅप्सूलची स्ट्रिप बुधवारी पाहिली होती तशीच्या तशी. विचारल्यावर म्हणाली, "ताई, मामींनी पाठवलेलं वाचलं नाहीस का? म्हटलं, थोडे दिवस थांबून बघू."

मग वाचलं. म्हणणं असं: डाएट कोल्ड्रिंक आणि शुगर-फ्री गोळ्यांतल्या कृत्रिम गोडी देणाऱ्या अ‍ॅस्पार्टेममुळे मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार होतो. ३० अंशांच्या वर त्याचं विष बनतं. डॉक्टर ज्याला एमएस म्हणतात ती खरं तर मिथेनॉल या विषारी अल्कोहोलची बाधा. तेव्हा औषधं थांबवा, हे पिणं सोडा, माणसं व्हीलचेअरवरून उठून चालू लागतात. वर ठळक अक्षरांत 'ताजं संशोधन'. हे ताजं संशोधन १९९८ च्या अखेरीपासून इंग्रजी ईमेलमधून फिरतंय.

फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी पॅरिसमध्ये या आजाराचं वर्णन केलं १८६८ मध्ये. अ‍ॅस्पार्टेम सापडलं १९६५ मध्ये. मधली ९७ वर्षं रुग्ण कुठलं डाएट पेय पीत होते? आणि माझी बहीण चहात तीन चमचे साखर घालते. शुगर-फ्रीची डबी आमच्याकडे फक्त बाबांची.

३० अंशांबद्दल काय बोलायचं? तेवढं तर आपल्याकडे डिसेंबरातल्या दुपारीही होतं, आणि शरीर स्वतःच ३७ वर असतं. मिथेनॉलचं विषारी फॉर्माल्डिहाइड होतं ते यकृतातल्या एन्झाइममुळे. बाटली उन्हात होती की फ्रिजमध्ये, याचा त्याच्याशी संबंध नाही.

अ‍ॅस्पार्टेम पचताना थोडं मिथेनॉल सुटतं, एवढं मात्र मान्य करावं लागतं. ते वजनाच्या साधारण दहा टक्के. ग्लासभर टोमॅटोच्या रसातून डाएट कोल्ड्रिंकपेक्षा जास्त मिळतं. मिथेनॉल डोळे घालवतं, हेही खरं. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलनेच. पण त्या विषाने सहसा दोन्ही डोळे जातात, तेही एक-दोन दिवसांत. बहिणीचा फक्त उजवा डोळा बिघडला. फिरवला की दुखायचा. एकदा डावा डोळा झाकून करंड्याकडे बघत म्हणाली, "ताई, या कुंकवाचा रंग उडालाय का गं?" दीड महिन्यात नजर बरीचशी परत आली. पुढे काही महिन्यांनी मान खाली घातली की पाठीतून करंट जायला लागला. मग एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेतल्या मज्जारज्जूत पांढरे डाग दिसले, काही जुने, काही नवे. शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते, मग मेंदूचा निरोप कुठे रेंगाळतो, कुठे अडतो. कुणाचा डोळा, कुणाचा पाय, कुणाची लघवी, तर कुणाला नुसता न संपणारा थकवा. कुठल्या जागी डाग पडला, त्यावर ते ठरतं.

'ताजं संशोधन'च हवं असेल तर जानेवारी २०२२ चं 'सायन्स' बघा. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी घेतल्या. एमएस झालेल्या ज्या ८०१ जणांचं रक्त तपासता आलं, त्यांतल्या ८०० जणांना आजाराआधी एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झालेला होता. या संसर्गानंतर धोका ३२ पट वाढलेला दिसला. तरी हा विषाणू बहुतेक सगळ्यांच्याच अंगात असतो आणि एमएस मोजक्यांना होतो. आनुवंशिकता, धूम्रपान, ड जीवनसत्त्वाची कमतरता हेही त्यात येतं. कोल्ड्रिंक नाही.

मेसेजमधल्या ल्युपस, अल्झायमर वगैरे पुढच्या यादीवर मी वेळ घालवत नाही. २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कदाचित कर्करोगकारक' गटात गेलं हे ठाऊक आहे. तो प्रश्न कर्करोगाचा आहे, एमएसचा नाही.

डोकं फिरलं ते व्हीलचेअरच्या ओळीने. बहुतेकांचा एमएस येत-जात सुरू होतो. अटॅक येतो, काही आठवड्यांनी आपोआप ओसरतो. तेवढ्या दिवसांत तुम्ही कोल्ड्रिंक सोडा, वांगी सोडा नाहीतर घराचा दरवाजा पूर्वेला करा, श्रेय त्यालाच मिळणार. औषध असतं ते पुढचा अटॅक टाळायला, म्हणून घेताना काही 'फरक' जाणवतच नाही. बहिणीची कॅप्सूल फिंगोलिमोडची. हे औषध थांबवल्यावर काही रुग्णांचा आजार औषधाआधीपेक्षाही जास्त उसळला, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने नोव्हेंबर २०१८ मध्ये दिलाय. फॉरवर्डमध्ये ही ओळ नाही.

आणि मेसेज वाचला त्या रात्री बहिणीला काय वाटलं असेल? की लग्नाकार्यात दोन ग्लास प्यायले, म्हणजे हे मीच ओढवून घेतलं.

डॉक्टरांना फोन करून तिने रविवारीच संध्याकाळी कॅप्सूल परत सुरू केली. मग मी मामींना फोन लावला. "अगं, काळजीपोटी पाठवलं," म्हणाल्या. मेसेज काढून टाका म्हटलं, तर म्हणे आता काढता येत नाही. आणि भिशीच्या ग्रुपवरही टाकलाय.